श्रद्धांजलीच्या आधी कंपाइल

शनिवारी दुपारी मामीने बोलावून घेतलं, तेव्हा मामा जिवंत होते. फक्त त्यांच्या मित्रांना तसं वाटत नव्हतं.

मामा हौशी रेडिओवाले, घरातल्या सेटवरून हवेतून गप्पा मारणारे. दर रविवारी सकाळी त्यांचा जुना कंपू ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जमायचा. घशाच्या ऑपरेशनमध्ये मामांचा आवाज गेला आणि ते कंपूतून गप्प झाले. ऐकू मात्र सगळं यायचं. मागच्या रविवारी कप्तान, म्हणजे मामांचे सर्वांत जुने मित्र आणि निवृत्त जहाजी, म्हणाले की आपला दोस्त बहुधा गेला, पुढच्या वेळी त्याला श्रद्धांजली वाहू. मामांनी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं, पुढ्यात चहा निवत ठेवून.

मी म्हटलं, मग मामीने फोन करून टाकावा. मामांनी पाटी ओढली. घरातलं बोलणं आता असंच चालायचं: मामा लिहायचे, मामी मोठ्याने वाचायची आणि वाचताना पदरची वाक्यं घालायची.

"रेडिओवाला जिवंत आहे हे फोनवरून कळवायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं," मामीने वाचलं. "आणि भाच्याला म्हणावं, कपबशी विसळून ठेव."

पाटीवर कपबशीचा उल्लेख नव्हता.

टिंब-रेषांनी बोलायची मोर्सची किल्ली होती, पण मामांचा हात थरथरायचा. एका टिंबाची चार व्हायची. राहता राहिलं टाइप केलेल्याचं मोर्स करून हवेत सोडणारं फुकटचं सॉफ्टवेअर. तयार मिळणारं सॉफ्टवेअर मामांचा सेट ओळखेना, कारण सेट माझ्यापेक्षा वयाने मोठा. कुणा भल्या माणसाने त्या सेटसाठी सोर्स कोडमध्ये दुरुस्ती करून ठेवली होती, पण त्याचं चालतं सॉफ्टवेअर बांधून ठेवलं नव्हतं. म्हणजे गाडी हवी, तर आधी कारखाना उभारा.

मी उभारू लागलो. कोडचं चालतं सॉफ्टवेअर बांधणारा कंपायलर घातला. त्याला एक लायब्ररी हवी होती. ती आणली, तर ती आपल्या आतेबहिणीशिवाय, म्हणजे आणखी एका लायब्ररीशिवाय, आत यायला तयार नाही. आतेबहीण आली, तर तिची आवृत्ती फार नवी. यांना जुनी हवी. जुनी आल्यावर बाकीच्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. संध्याकाळपर्यंत सगळं खानदान जमवलं, तेव्हा कळलं की ते भलत्याच सॉफ्टवेअरचं आहे. मामी डोकावून विचारायची, झालं का? मी म्हणायचो, होतंय. रात्रीपर्यंत ते 'होतंय' पार शिळं झालं.

रात्र जागून बरोबर खानदान जमवलं आणि रविवारी सकाळी बांधणी एकदाची पूर्ण झाली. सुरू केलं, तर पडद्यावर उत्तर: परवानगी नाही. मामांकडे रेडिओचा परवाना माझ्या जन्माआधीपासून आहे, पण सेटच्या वायरीला हात लावू शकणाऱ्यांच्या गटात संगणकाने त्यांना घेतलंच नव्हतं. मी घेतलं. तोवर श्रद्धांजली सुरू झाली होती. माणूस हट्टी, पण मनाने चांगला, असं कप्तान सांगत होते. मामांनी मान हलवली. दोन्हीला की एकालाच, ते कळलं नाही.

मग त्यांनी आपलं सांकेतिक नाव टाइप केलं आणि पुढे "मी आहे". स्वच्छ, टपोरं मोर्स हवेत गेलं.

"कोण आहे हा हलकट?" कप्तान म्हणाले. "मेलेल्याचं नाव लावतोस? त्याचा हात मी ओळखतो. त्याचं मोर्स लंगडायचं. हे मशीनचं आहे."

ही माणसं एकमेकांना बोटांवरून ओळखतात. आणि मी कालपासून खपून मामांची बोटंच काढून टाकली होती.

मामांनी पाटीवर लिहिलं. मामीने या वेळी पदरचं काही घातलं नाही. "अक्षराच्या शेवटी रेष आली, की माझी ती लांबते."

मी सोर्स उघडला, शेवटची रेष दीडपट केली आणि तेवढाच तुकडा पुन्हा बांधायला लावला. कप्तान समारोपाकडे वळले होते. मामांनी पुन्हा तेच पाठवलं. आता मोर्स पाय ओढत चालत होतं.

कप्तानांचा समारोप अर्ध्यावर तुटला.

"कुठे मेला होतास रे?" कप्तानांनी विचारलं.

मामा उत्तर टाइप करू लागले. ऑपरेशन, घसा, सगळं पहिल्यापासून, एकेक अक्षर शोधत. पलीकडे कुणालाच घाई दिसत नव्हती. मी खुर्चीतच डोळे मिटले.