मांजरपाटाचा पडदा आणि हिरवं ठिगळ

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. सिनेमाचा. आणि आज माझं सगळं ऐकवल्याशिवाय मी तुम्हाला उठू देणार नाही. टीव्ही लावायची घाई असेल तर असू द्या. तो टीव्ही नात्याने माझा धाकटा भाऊच लागतो, आणि मला त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

माझा जन्म चांद्याचा. म्हणजे आजचं चंद्रपूर हो. एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत सगळे चांदाच म्हणत. बाबूभाईंनी मांजरपाटाचा तागा आणला आणि त्यांच्या बायकोने, नजमाने, पट्ट्या जोडून मला शिवलं. कडेला काळी किनार लावली. बाबूभाईंचा फिरता सिनेमा होता. बैलगाड्यांत इंजिन, मशीन, रिळांचे डबे आणि वर घडी घातलेला मी, असा आमचा संसार गावोगाव फिरायचा.

मार्कंड्याच्या जत्रेत तर माझा थाट विचारूच नका. देवदर्शन झालं की माणसं वैनगंगेच्या वाळूत फतकल मारून बसत आणि तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत. पोरं सरकत सरकत थेट माझ्या पायाशी येत. पण 'काय झकास पडदा आहे' असं एकही माणूस कधी म्हणाला नाही. सगळं कौतुक हिरोचं. मला याचा राग येई, आणि खरं सांगतो, अजूनही येतो.

जत्रा आटोपली की आमच्या गाड्या आरमोरीकडच्या गावांना लागत. अशाच एका गावी, मोहफुलांच्या दिवसांत, बाबूभाईंनी मला गावाबाहेर बांधलं. माझ्यामागे मोहाची झाडं होती आणि त्यांच्यापलीकडे जंगल. त्या संध्याकाळचा खेळ अस्वलाचा होता. हिरो रानात गाणं म्हणतो, अस्वल येतं, त्याच्या हातचा गूळ खातं आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकतं. पोरं बेहद्द खूश झाली. सगळ्यांत पुढे बसली होती त्याच गावातल्या आशाबाईची मुलगी वच्छला. तिची पापणीसुद्धा लवत नव्हती.

आता इथली रीत ऐका. मोहफुलं पहाटे गळतात आणि ती अस्वलालाही फार आवडतात. म्हणून वेचायला जाणारा माणूस लांबूनच हाळी देतो, टिनाचा डबा बडवतो. अस्वल आधी निघून जातं, मग माणूस झाडाखाली जातो. हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. वच्छलाही लहानपणापासून आईच्या मागे हाळी देत आली होती.

पण दुसऱ्या दिवशी पहाटे ती आईच्या पुढे एकटीच आली आणि मुकाट्याने आली. तिच्या एका हातात टोपली होती आणि दुसऱ्या हातात गुळाचा खडा. मोहाखाली खरंच अस्वल होतं, खाली मान घालून फुलं खात होतं. ती हात पुढे करून त्याच्याकडे चालू लागली. माझा धागा न् धागा ताठ झाला. मला ओरडता येत असतं तर सगळं गाव उठवलं असतं.

बाबूभाई तेव्हा मला उतरवायला माझी दोरी सोडत होते. त्यांनी ते पाहिलं.

"बेटी, पळ! पडद्याखालून इकडे ये!" ते ओरडले.

अस्वल दचकून मागच्या पायांवर उभं राहिलं. वच्छला वळली आणि पळाली. त्याचा पंजा तिच्या दंडाला लागलाच. ती माझ्या खालून निसटली आणि त्याच क्षणी बाबूभाईंनी दोरी सोडून दिली. मी सगळाच्या सगळा त्या अस्वलावर पडलो. अडकलो, ओढलो गेलो, टराटरा फाटलो, पण त्याला पुढे जाऊ दिलं नाही. शेवटी मला फाडून ते जंगलात पळालं. माझ्या आयुष्यात मी केलेलं हे सगळ्यांत मोठं काम आहे आणि ते मी छाती फुगवून सांगतो.

आशाबाई धावत आली. तिने लेकीचा दंड बांधला आणि विचारलं, "काऊन गेली गं तू? हाळी काऊन नाई देल्ली?"

"पडद्यातल्या अस्वलानं त्याच्या हातचा गूळ खाल्ला," वच्छला रडत म्हणाली. "मले वाटलं, हे बी खाईल."

आशाबाई बाबूभाईंवर उखडली. "भाऊ, तुमचा हा खेळ उचला न् जा. माझी पोरगी गेली असती."

"बरोबर आहे बाई तुमचं," बाबूभाई म्हणाले. "पण मी गेलो तं पोरं दुसऱ्या गावी जाऊन हेच पाहतील. मले आजची संध्याकाळ द्या. तुम्ही बी लेकीजवळ बसा."

आशाबाई घरी जाऊन दाभण आणि आपलं जुनं हिरवं लुगडं घेऊन आली आणि स्वतः मला ठिगळ लावलं. टाके ओबडधोबड होते. माझ्या अंगावर नजमाच्या टाक्यांइतकाच त्यांचाही मान आहे.

संध्याकाळी तोच खेळ लागला. अस्वल आल्यावर बाबूभाईंनी पोरांना सांगितलं, "हिरोकडे नका पाहू. अस्वलाचं तोंड पाहा."

पोरं पुढे सरकून पाहू लागली. मग बांधलेल्या हाताने वच्छलाच उठून उभी राहिली.

"त्याच्या नाकात वेसण हाय," ती म्हणाली. "बैलावानी. दोरी कोणीतरी धरून हाय, पण तो माणूस दिसत नाई."

शेतकऱ्यांची पोरं ती. वेसण म्हणजे काय हे त्यांना शिकवावं लागलं नाही. त्यानंतर प्रत्येक गावात खेळाआधी बाबूभाई पोरांना हेच सांगत. नवीन पडदा घ्या म्हणून लोक मागे लागले, पण त्यांनी कुणाचं ऐकलं नाही.

आता मी त्यांच्या मुलाच्या, नईमच्या घरी ट्रंकेत असतो. बाहेर टीव्ही चालतो. नईमची मुलगी जैनब त्याच्यापुढे बसली की जेवण गार होतं, मैत्रिणी दारातून हाका मारून परत जातात. एकदा ट्रंक आवरताना तिने विचारलं, "अब्बा, हे हिरवं ठिगळ कशाचं?" नईमने वडिलांकडून ऐकलेलं सगळं सांगितलं.

त्या संध्याकाळी टीव्हीवरच्या जाहिरातीत एक हसरी मुलगी कसलीशी गोळी खाऊन उंच उडत होती. जैनब उठली आणि टीव्हीच्या अगदी जवळ गेली.

"अब्बा," ती म्हणाली, "हिची दोरी कोणाच्या हातात आहे?"

नईमने टीव्ही बंद केला आणि बापलेक उत्तर शोधायला बसले. मित्रांनो, तुम्ही खुशाल बघा, मी अडवत नाही. पण हा प्रश्न विचारल्याशिवाय बघू नका. मध्ये पडायला प्रत्येक वेळी मी नसेन.