सयाजीचा चौथा ठोका

सयाजी पुढच्या रांगेत बसला होता खरा, पण त्याचं डोकं आठवडाभर तापलेलं होतं. धम्मपालच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर लिहिलं होतं, ‘एकट्याची गिटार’. एकट्याची म्हणे. नव्वदचं अख्खं दशक ज्यानं ह्याच्या बाजूला बसून काढली तो सयाजी काय वाऱ्यावरचा होता काय?

दोघं ऑर्केस्ट्रात एकत्र. गणपतीची मंडळं, लग्नं, जयंत्या, सगळीकडं हीच जोडी. कार्यक्रम नसला की सयाजी कोडोलीहून एसटीनं यायचा आणि दोघं कसबा बावड्यात धम्मपालच्या पत्र्याच्या खोलीत जाझ वाजवायचे. गोव्याच्या एका वादकानं दिलेल्या कॅसेटींवरून शिकलेलं हे खूळ. चाल एकदा सांगायची आणि मग तिला मोकाट सोडायची, वाटेल तिकडं फिरवून परत आणायची. फिरायचं काम धम्मपालचं. सयाजी खाली आपल्या गिटारवर ठेका धरून बसायचा, आणि त्याचा चौथा ठोका नेहमी केसभर उशिरा पडायचा.

“सया, चौथा मागं पडालाय तुझा,” धम्मपाल कावायचा.

“उशिरा का हुईना, येतोय न्हवं?” सयाजी म्हणायचा, आणि पुन्हा तसाच वाजवायचा.

मग गेल्या वर्षी म्हशींना वैरण करताना कडबाकुट्टीनं सयाजीच्या डाव्या हाताची तीन बोटं नेली. तारा दाबायला बोटंच उरली नाहीत. गिटार खुंटीला लागली. धम्मपाल दवाखान्यात येऊन दिवसभर नुसता बसून राहिला. सयाजीनं त्यानंतर बावड्याकडं फिरकायचंच सोडलं. जाऊन करायचं काय, दुसऱ्यानं वाजवलेलं ऐकत बसायचं?

कार्यक्रम सुरू झाला. मंचाच्या पायरीशी चपला काढून धम्मपाल अनवाणी खुर्चीवर बसला. उजव्या पायाशी लोखंडी डबी. ती सयाजीनं ओळखली. अपघाताच्या आधीच्या आठवड्यात धम्मपालच्या बहिणीनं, दीक्षानं, ती पुण्याहून पाठवली होती. त्या दिवशी धम्मपालला कोण आनंद झाला होता. “एकदा दाबलं की वाजवलेलं धरून ठेवतंय, पुन्हा दाबलं की तेच फिरवून फिरवून वाजवतंय. थांबवायला लागोपाठ दोनदा दाबायचं. आणि दाबून धरलं की पार पुसून टाकतंय,” असं त्यानं समजावलं होतं. सयाजीनं एवढंच विचारलं होतं, “पायानं दाबायचं? वाद्याला पाय लावतोस व्हय रं?”

सयाजीच्या घरात भजनाच्या टाळाला चुकून पाय लागला तरी हात लावून कपाळाला नेतात. ऑर्केस्ट्रात कुणी गिटारची वायर ओलांडली तरी हा गडी अंगावर धावून जायचा. आणि इथं धम्मपाल भर सभेत वाद्यावर पाय देऊन बसला होता.

धम्मपालनं वाजवलं, पाय दाबला, वाजवलेलं आपोआप फिरायला लागलं. त्यावर त्यानं दुसरं चढवलं. मागून कुणीतरी बोललं, “टेप लावलीया की पावणं. फसवालाय ह्यो.” दोघंचौघं हसली. सयाजीच्या मनात आलं, बरं झालं. मग त्याची त्यालाच लाज वाटली.

मध्यंतरानंतर धम्मपाल माईकवर म्हणाला, “आता माझ्या जोडीदाराबरोबर वाजवतो.”

मंचावर चिटपाखरू नव्हतं. धम्मपालनं डबीवरचं एक बटण फिरवून आतला दुसरा कप्पा निवडला, पाय दाबला आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसला. डबीतून ठेका आला. साधा, चार ठोक्यांचा, फिरत राहणारा. सयाजीनं कान टवकारले. चौथा ठोका मागं पडला. पुन्हा फिरला, पुन्हा मागं पडला, केसभर, नेहमीच्याच जागी.

ठेका त्याचाच होता. डबी आली त्या दिवशी पत्र्याच्या खोलीत धम्मपालनं डबी तपासायला त्याच्याकडून वाजवून घेतलं होतं. “ऱ्हाऊ दे ह्यात, नंतर कॅसेटवर घेऊ,” म्हणाला होता. सयाजी ते साफ विसरला होता. मांडीवरच्या डाव्या हाताकडं त्यानं पाहिलं. तिथं अंगठा होता, करंगळी होती आणि मध्ये काहीच नव्हतं. समोर मात्र पाचही बोटांचा सयाजी वाजवत होता.

धम्मपालनं त्या ठेक्यावर आपली चाल सोडली. ती फिरून फिरून सयाजीच्या ठोक्याशी येऊन थांबायची. चौथा यायची वाट बघायची. इतकी वर्षं कावणारा माणूस आता वाट बघत होता. मागची हसणारी मंडळी गप झाली होती.

“सया, वर ये,” वाजवता वाजवता धम्मपालनं हाक मारली.

सयाजी कसा उठला, चपला कुठं काढल्या, त्याला काही कळलं नाही. डोळ्यांत पाणी, मंचावर वायरींचं जाळं. धम्मपालपर्यंत पोचता पोचता त्याचा पाय डबीच्या कडेला लागला. अंगवळणी पडलेलं ते कुठं जाणार? सयाजी तिथंच गुडघ्यावर बसला. दोन्ही हात डबीवर ठेवले, कपाळ हातांवर टेकवलं, आणि सगळं अंग त्यावर टाकून तसाच राहिला. आत आपली बोटं हायत, एवढंच त्याच्या मनात होतं.

ठेका थांबला.

धम्मपालची चाल अधांतरी राहिली. सयाजीनं मान वर केली. धम्मपालचा चेहरा पांढराफटक पडला होता. एवढा रंग उडालेला सयाजीनं तो दवाखान्यातसुद्धा पाहिला नव्हता.

“दाबून धरलंस?” धम्मपालनं हळूच विचारलं.

“पाया पडलो,” सयाजी म्हणाला.

“कॅसेटवर घ्यायचं ऱ्हायलं, सया.” धम्मपालनं पायानं डबी दाबली. काही आलं नाही. परत दाबली.

कडबाकुट्टीनं बोटं नेली होती. वाजवणं मात्र आत्तापर्यंत जिवंत होतं, आणि ते त्यानं स्वतःच्या हातानं संपवलं होतं. नमस्कार करून.

लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. मित्र येऊन पाया पडला, गाणं थांबलं, काय झकास बसवलंय. टाळ्यांचा कडकडाट झाला.

लोक खोळंबले होते. धम्मपालनं डोळे पुसले आणि रिकाम्या डबीत स्वतः वाजवून नवा ठेका भरला. चाल तीच, चार ठोके तेच. पाय दाबला, ठेका फिरायला लागला.

सयाजी तिथंच गुडघ्यावर बसून ऐकत राहिला. एकदा फिरला, दोनदा फिरला. चौथा ठोका बरोबर जागेवर पडत होता.