मामाचा कोंडा

माझ्या मामाने आयुष्यात टाकलेली एकच गोष्ट म्हणजे उसासा. बाकी तो काही टाकत नाही. तुटके पट्टे, एकाच काडीचा चष्मा, कालचा अर्धा चहा, सगळं त्याच्या पिठाच्या गिरणीत जपून ठेवलेलं असतं. गहू चाळताना पोचट, सुरकुतलेले, गुलाबी झाक आलेले दाणे यंत्रातून वेगळे निघतात. ते फेकायचे असतात. मामा ते दळून कोंड्यात मिसळतो. दोघंही घरातून हाकललेले, एकमेकांना धरून राहतील, असं त्याचं म्हणणं.

यंदा गहू कापणीआधीच पावसात भिजला होता. म्हणून मी पिठाचे आणि कोंड्याचे नमुने तपासणीला पाठवायचा हट्ट धरला. धान्य तपासायचं शिक्षण घेऊन मी मामाकडे कामाला लागलो, त्याचा मामाला आजवरचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे वरच्या फळीवरचे डबे काढायला उंच माणूस मिळाला.

त्या सकाळी गावातल्या मोठ्या बेकरीच्या मालकीणबाई येणार होत्या. त्यांनी वर्षभराचं पीठ आमच्याकडून घ्यायचं ठरवलं तर गिरणी चालणार, नाहीतर विकायला काढायची, हे मामाने मामीला सांगून टाकलं होतं. बाईंवर छाप पडावी म्हणून मामीने पहाटे उठून कोंडा घातलेला पाव भाजला होता. वास असा सुटला होता की गिरणीतली मांजरसुद्धा सोज्वळ चेहरा करून बसली होती.

तेवढ्यात प्रयोगशाळेतून फोन आला. पीठ पास. मामाने पिठाच्या पोत्याची पाठ थोपटली.

"आणि कोंडा नापास," मी म्हणालो. "बुरशीचं विष मर्यादेच्या तिप्पट."

हे विष जास्त करून दाण्याच्या सालीत असतं, हे मी त्याला समजावलं. दळल्यावर ते नाहीसं होत नाही, पिठातून कमी होऊन कोंड्यात जमतं. शिवाय सगळ्यात खराब दाणे आपणच त्यात परत घालतो.

"पण भट्टीत पाव एवढा भाजला," मामा म्हणाला. "बुरशी मेली की."

"बुरशी मेली, विष राहिलं."

"मेल्यावर कसला त्रास देणार?"

"मामा, आजोबा जाऊन किती वर्षं झाली?"

मामाने विचार केला. आजोबांनी भावाविरुद्ध केलेला दावा अजून कोर्टात चालू होता आणि तारखांना मामाच जात होता. त्याला मुद्दा लगेच कळला.

मग त्याने हळूच विचारलं, कोंबड्यांना घालूया का? मी नाही म्हणालो. डुकरांना? डुकरांना तर हे मुळीच सोसत नाही, मी सांगितलं. त्याचा चेहरा पडला. जगात कुणालाच खाऊ घालता येणार नाही अशी वस्तू त्याच्या गिरणीत पहिल्यांदाच तयार झाली होती.

इतक्यात दारात बाई आल्या. बसल्या, वास घेतला आणि आम्ही कुणी काही बोलायच्या आत ताटलीतला पावाचा एक तुकडा उचलला.

मामाने झेप घेऊन तो त्यांच्या हातातून काढून घेतला. इथवर ठीक होतं. पण हातात आलेलं टाकायची सवय नसल्याने त्याने तो सरळ स्वतःच्या तोंडाकडे नेला. मामीने हातावर चापट मारली. तुकडा मांजरीपुढे पडला. मांजरीने हुंगला आणि ती उठून गेली.

बाईंनी मामाकडे पाहिलं. मामाने माझ्याकडे, मी पोत्याकडे.

"बाई, पीठ चांगलं आहे," मामा शेवटी म्हणाला. "कोंड्यात विष आहे. चूक माझीच."

बाईंनी बोटांवरचे कण झटकले. मग म्हणाल्या, "माल खपवायला घास भरवणारे पुष्कळ भेटले. काढून घेणारे तुम्ही पहिले." पीठ त्या घेणार होत्या. अट एकच, हा कोंडा आणि ते पोचट दाणे आत्ता, त्यांच्या डोळ्यांदेखत जाळायचे.

मागच्या अंगणात आम्ही खड्डा करून जाळ केला. पोती मी ओतली. शेवटची मूठ मामाने स्वतः भरली होती आणि ती उघडेना. मामीने अंगठा सोडवला, मी दोन बोटं, करंगळी बाईंनी.

दाणे जाळात पडले. मामाने रिकाम्या हाताकडे पाहिलं आणि उसासा टाकला. तो मात्र सहज सुटला.