पांढऱ्या दातांची केशर

दात पांढरे करायची हौस माझी न्हवती, हे आधी सांगून ठेवते. आता गावातली जी ती म्हणती, केशरला हौस आली. हौस कसली, डोंबल!

आमच्या कुंभारवाड्याला लगीन झालं की बाई दातांना दातवण लावती. दात काळेभोर झाले की ती सवाशीण. नवरा गेला की बांगड्या फुटत्यात, कुंकू जातं, तसं दातवणबी जातं. पांढरे दात विधवेचे, हे कुणाला शिकवावं लागत न्हाई. माझे दात तर पिकल्या जांभळागत चमकायचे. मला त्याचा तोरा हुता, का म्हणून नसावा?

घरधनी कॅसलरॉकला रेल्वेत लागले त्याला पाच वर्षं झाली. सणाला यायचे, चार दिस ऱ्हायचे, जायचे. मागं मी आन् आत्ती, म्हंजे माझी सासू. भात लावायचं, भात कापायचं. मी लगीन नवऱ्याशी केलं का सासूशी, तेच मला कळंना. म्हणून औंदा ते म्हणाले, "मला खोली मिळाली," तशी मी गाठोडं बांधायलाच उठले.

"थांब," ते म्हणाले. "असं काळं त्वांड घेऊन तिथं यायचं न्हाई. तिथल्या बायका आता दात काळे करीत न्हाईत. लोक हसत्यात."

"मग काय करू? दात उपटून चुलीत घालू?"

"दातांचा डाक्टर म्हैन्याला गाडीनं येतो. दातांवर पांढऱ्या चकत्या बसवतो. त्या बसव, मग खुशाल ऱ्हा."

असली अट ऐकून डोस्कंच फिरलं माझं. पण मला नवऱ्याजवळ ऱ्हायचं हुतं. खोटं कशाला बोलू? गेले.

कॅसलरॉकला त्या डाक्टरनं बारक्या कानशीनं पुढचे सहा दात घासले. पार मेंदूपर्यंत सणक गेली. मग एकेक चकती चिकटवली आन् आरसा हातात दिला. आरशातली बाई घडीभर मला वळखंना. दिसत हुती बरी. पण बरी दिसते म्हटल्यावर बरं वाटायला पायजे का न्हाई? मी तर आरसा पालथा घातला.  घरधनी मात्र खूष. "हस बघू. आता परत हस."

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "घरला जा, आईला सांग, तुझं सामान घेऊन ये." आमच्या शेजारच्या फुलाचा नवरा गोपाळ बैलगाडी घेऊन गावाकडं परत निघाला हुता, त्याच्यासंगं मला लावून दिलं.

गावाजवळच्या व्हळात गोपाळनं बैल पाण्यावर सोडले. मला कुठला दम निघायला! मी म्होरं चालत सुटले. आत्ती अंगणात सूप घेऊन बसली हुती. तिला लांबनं बघून मला आनंद झाला आन् मी हसले. तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. हातातलं सूप खाली पडलं.

"नागू! माझा नागू गेला गं!"

असा हंबरडा फोडला तिनं, की चारी घरची माणसं धावली. म्हातारी जमिनीवर डोस्कं आपटाय लागली. मी तिला कव घातली. "आत्ती, जिते हायत वो ते! धडधाकट हायत!" आन् घाबरून मला हसू यायला लागलं. मी हसले की दात दिसायचे, दात दिसले की ती आणिक रडायची. माझ्या कपाळाचं कुंकू, हातातल्या बांगड्या, कुणाच्या ध्यानात न्हाई!

गोपाळ आला तवा थांबलं सगळं. "अगं म्हातारे, सकाळी त्याच्यासंगं चा प्यालोय मी."

आत्तीनं डोळं पुसलं. लई वेळ माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायली.

"नागू जिता हाय, तर तुजं त्वांड असं कुणी केलं?"

"त्यांनीच."

तिला काय कळंना. मला तरी कुठं कळत हुतं? मग ती हळू म्हणाली, "तुझा मामंजी गेला तवा बायकांनी मला धरून बसवलं आन् राखेनं माझे दात घासले. रगत आलं तरी घासत हुत्या. आन् तू आपल्या पायानं जाऊन बसलीस?"

मला राग आला. आत्तीचा, त्यांचा, त्या डाक्टरचा, माझा, कुणाचा ते समजंना. आई जेवू घालीना आन् बाप भीक मागू दीना! तिथं काळे दात नकोत, इथं पांढरे नकोत. मग मी ऱ्हावं कुठं? व्हळात?

सकाळी निघताना ओटी भरायची. आत्ती विधवा, तिला भरता येईना, म्हणून फुलाला बोलावलं. फुलानं नारळ उचलला, माझ्या तोंडाकडं बघितलं आन् हात तसाच थांबला.

"भर," आत्ती म्हणाली. "तिचा नवरा जिता हाय. केशर, तू त्वांड मीट."

मी ओठ घट्ट मिटले. फुलानं मान वळवून ओटी भरली. गोपाळच गाडीनं सोडाय आला; वाटेनं दोनदा बोलला, पण मी त्वांड उघडलं न्हाई.

कॅसलरॉकला घरधनी वाट बघत उभेच हुते. चार माणसं भवती हुती. "ही माझी बायको," ते म्हणाले. "हस की गं!"

मला सांगायचं हुतं, तुमची आई तुम्ही मेला म्हणून रडली. सांगायला त्वांड उघडलं, तर रडूच फुटलं. भर ठेसनात, चार माणसांत, मी आ वासून रडत ऱ्हायले.

काय झालं म्हणून त्यांनी इचारलं न्हाई. वाकून माझ्या तोंडात बघितलं.

"एकबी चकती हालली न्हाई," ते म्हणाले. "रडतानाबी किती छान दिसत्यात बघ."