शेवटचं रीळ

मुलांनो, जरा डोळे मिटा. तळेगावच्या अलीकडचं एक लहानसं गाव आहे असं समजा. गावात टीव्ही एकही नाही. सिनेमा बघायचा तर आर्वीला जावं लागतं. आणि आज संध्याकाळी शाळेपुढच्या मैदानात दोन बांबूंना पांढरा पडदा बांधला आहे. तुम्ही घरून गोणपाट आणून पुढची जागा धरली आहे. बसलात? मग आता भोंग्यातून येणारं गाणं ऐका.

ते गाणं दहा वर्षांच्या पंचफुलानं निवडलं आहे.

तिचा मामा नत्थू लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा. लग्न असो की बारसं, रेकॉर्डची पेटी पंचफुलाच्या ताब्यात. कोणत्या वेळी कोणतं गाणं लावावं, हे तिला न सांगता कळे. दिवेलागणीला भजन, पंगत बसली की ठसक्याचं काहीतरी. नवरी निघताना ती असं एक गाणं लावी, की बैलगाडी हाकणाराही डोळे पुसायचा. "पोट्टी रडवते बाप्पा," असं आयाबाया कौतुकानं म्हणत.

आजचा सिनेमाही तिनंच निवडला होता. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती आणि उभे राहिलेल्या लक्ष्मणरावांनी गावाला फुकट सिनेमा दाखवायचं ठरवून तो आणायचं काम नत्थूला दिलं होतं. मारामारीचा आणू की कोर्टाचा, असं नत्थूनं भाचीला विचारलं, आणि ती कोर्टाचा म्हणाली. तिची आई धुरपता तळेगावच्या बाजारात भाजी विकायची. फुकट दाखवणारा काहीतरी मागणारच, एवढंच ती म्हणाली. पण आली तीही.

सिनेमातला बाप खोट्या आळानं तुरुंगात गेला होता आणि त्याची मुलगी त्याला सोडवायला धडपडत होती. सगळं मैदान तिच्यासोबत कोर्टात जाऊन बसलं होतं. न्यायाधीशानं चष्मा पुसला, निकालाचा कागद हाती घेतला, आणि रीळ संपलं.

आता पुढचं रीळ मशीनवर चढेल म्हणून लोक थांबले, तर लक्ष्मणराव माइकपाशी आले. एकच रीळ उरलंय, ते आपण विजयाच्या दिवशी पाहू, असं ते हसत म्हणाले. मैदानात कुरबुर सुरू झाली. निवडून आल्यावर तुम्ही आम्हाला ओळखाल का, असं मागून कोणीतरी विचारलं आणि लोक हसले. ते हसणं काही बरं नव्हतं. तेव्हा नत्थूनं पंचफुलाला जवळ ओढून कानात काहीतरी सांगितलं आणि माइक तिच्या तोंडापुढे धरला.

"मतं पडू द्या," पंचफुला म्हणाली. "मंग शेवटचं रीळ दिसन. माहा शब्द हाय."

लोक शांत झाले. पोरगी म्हणते ना, मग दाखवतील, असं बोलत घरी गेले.

लक्ष्मणराव निवडून आले, सरपंच झाले. रीळ काही आलं नाही. विहिरीवर बाया विचारू लागल्या, "काय वं पंचफुला, सुटला का तुह्या सिनेमातला बाप?" पहिल्यांदा ती हसली. मग शाळेतली पोरंही तेच विचारू लागली, आणि ती पाण्याला दुसऱ्या वाटेनं जाऊ लागली. धुरपता वांगी निवडता निवडता म्हणाली, "किडकं वांगं निघालं त गिऱ्हाईक वापस आणते. मत कोण वापस घेईन?"

शेवटी पंचफुलानं मामालाच गाठलं. तो भोंग्याची तार गुंडाळत होता. रीळ कधी येणार, असं तिनं विचारलं.

"ते काईचं येते आता," नत्थू म्हणाला. "सिनेमाची पेटी दुसऱ्याच दिवशी आर्वीले वापस गेली. मीच त गाडीत चढवली."

"मतं पडाच्या आंधी?"

"हाव."

"तुले मालूम होतं? मंग मले काऊन बोलाले लावलं?"

नत्थूनं तार खाली ठेवली नाही. "माह्यावर कोणी भरोसा ठेवला नसता. तुह्यावर ठेवला."

मुलांनो, लक्ष्मणरावांनी तिला फसवलं, याचं तिला फारसं काही वाटलं नाही. मोठी माणसं मतांसाठी वाट्टेल ते बोलतात, हे आईकडून तिनं ऐकलं होतं. पण मामानं तिचाच शब्द उचलून दुसऱ्याला वापरायला दिला होता, आणि तो शब्द आता कोणी खरा मानणार नव्हतं.

पुढे सरपंचांचा सत्कार ठरला. तेच मैदान, तोच भोंगा. पेटी पंचफुलाकडेच, कारण तिच्यासारखी गाणी निवडायला दुसरं कोणी नव्हतं. तिनं निवडलीही छान. पहिलं गाणं रंगात आलं, शेवटचं कडवं सुरू होणार, तेवढ्यात तिनं सुई उचलली. रेकॉर्ड खराब असेल, असं लोकांना वाटलं. दुसऱ्या गाण्याचंही तसंच झालं. तिसऱ्याच्या वेळी सगळं मैदान पंचफुलाकडे पाहू लागलं. हार घातलेले लक्ष्मणराव वाकून म्हणाले, "पोरी, शेवटचं कडवं राह्यलं न."

"मतं पडली न आता," मागून एक बाई म्हणाली.

कोणी हसलं नाही. नत्थू सुईकडे हात नेत पुढे आला. पंचफुलानं तिसरी रेकॉर्ड फ्रॉकच्या टोकानं पुसली, तिच्या पाकिटात घातली, पेटी बंद केली आणि मामाच्या पायाशी ठेवली. मग मैदान ओलांडून ती आईच्या गोणपाटावर जाऊन बसली.