कुंतानं उतरवलेलं विमान

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझी बायको कुंता, तीसुद्धा मानत नाही, आणि गोष्ट तर तिचीच आहे. मी मुखरू. नागभीडजवळच्या आमच्या तलावात माझ्याइतके मासे कोणी धरले नाहीत, आणि धरले त्याहून जास्त मी सांगितले.

गेल्या रविवारी ही गोष्ट सांगावी लागली ती आमच्या नातीमुळे. रीतामुळे.

रीता विमान चालवते. ही थाप नव्हे, शिक्क्याचा कागद आहे घरात. पोर शिष्यवृत्तीवर शिकली, दोनशे तास आभाळात काढले आणि एका कंपनीत नोकरी मागायला गेली. लेखी परीक्षेत पहिली आली. मुलाखतीला तीन साहेब बसले होते. एकानं विचारलं, लग्न कधी करणार, आणि मूल झालं की विमान कोण उडवणार? दुसऱ्यानं तिचा रंग कपाळापासून बोटांपर्यंत न्याहाळला आणि हसत म्हणाला, "जंगलातल्या का तुम्ही? तुम्हाला पाहून प्रवासी उतरून जातील हो." तिसऱ्यानं पेन उचललं. त्यानं नावावर काट मारली.

घरी आल्यापासून पोर गप्प. बारा दिवस. मग दुसऱ्या कंपनीचं बोलावणं आलं, मंगळवारी, हैदराबादला. सोमवारी सकाळी नागभीडहून गाडी धरायची होती. रीता म्हणाली, "मी नाई जात." एवढंच. बॅग खाटेखाली रिकामी पडून.

रविवारी दुपारी आम्ही तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर बसलो होतो. मी माझ्या डोंग्याला, त्या लहान होडीला टेकून जाळं सोडवत होतो, शेजारचा घनश्याम बिडी ओढत होता, कुंता माशांचे खवले काढत होती. रीता आमच्याकडे पाठ करून पाण्याकडे बघत होती.

"घनश्याम," मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "कुंतानं विमान उतरवलं, थे सांगतलं का तुले?"

"विमान? कुठी?"

"इथीच. या तलावात."

"मुखरूभाऊ, काल तं तुमी मरळीच्या पोटात सायकल सापडली म्हनत होते."

"सायकल नाई, सायकलची घंटी. उगाच वाढवून सांगू नको."

माझी थाप पकडायचं काम एरवी कुंताचं. मी तोंड उघडायच्या आत ती "झालं सुरू" म्हणते. त्या दिवशी तिनं रीताच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "झालं होतं तसं. सांगा पुढं."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा साक्ष दिली बाईनं. माझ्या हातातलं जाळंच सुटलं.

"त्या वर्षी तलाव काठोकाठ भरला होता," मी सुरू केलं. "मी अन् कुंता डोंग्यात. कुंतानं जाळं फेकलं..."

"बाईनं जाळं फेकलं?" घनश्यामनं बिडी तोंडातून काढली.

विमानाला तो हरकत घेत नव्हता, याला घेत होता. आमच्या गावात जाळं बाप्यानं फेकायचं, बाईनं शिवायचं आणि मासे विकायचे. चाळीस वर्षं कुंतानं माझी जाळी शिवली. एकदा म्हणाली होती, मले फेकून पाहू द्या. मी हसलो होतो. ती आता माझ्याकडेच बघत होती. मी मान खाली घातली.

"हो, बाईनं. वारा पाठीवर घेतला, जसा जाळं फेकनारा कोनीबी घेते, अन् असं फेकलं का जाळं थेट आभाळात. वरून विमान जाऊन राह्यलं होतं, मोहाच्या शेंड्याइतकं खाली. त्याच्या तोंडावरच बसलं जाळं. दोरी कुंताच्या मनगटाले. कुंता, डोंगा अन् डोंग्यात मी, सारेच वर."

"तुमी काय करत होते?"

"डोंग्यातलं पानी उपसत होतो. वर गेलं म्हनून काम थांबते का?"

रीता हलली नाही.

"काचेवर जाळं, आतल्या साहेबांले काहीच दिसेना. दिसत होतं फक्त कुंताले. ती ओरडली, 'दोरी माझ्या हातात आहे, मी उतरवते!' एका साहेबानं खिडकीतून डोकं काढलं. विमान खाली पडून राह्यलं, अन् थो विचारते, 'बाई, तुमचं लग्न झालं का?'"

रीताचा खांदा हलला. नक्की हलला.

"'झालं,' म्हने कुंता, 'थो काय, पानी उपसून राह्यला.' 'मुलं किती?' 'चार.' 'मंग घरी कोन पाहते?' 'तू पाहतं का? जा. नाई तं चूप बस.' मंग दुसऱ्यानं डोकं काढलं. 'तुमी जरा काळ्या आहा, प्रवासी घाबरतील.' तं मागून सारे प्रवासी ओरडले, 'बाई, तुमी कशाबी असा, आमाले खाली घ्या!'"

घनश्यामला ठसका लागला. कुंतानं पदर तोंडाला लावला. रीताची मात्र अजून पाठच. मला वेणी दिसत होती, आणि मला तिचा चेहरा पाहायचा होता. लहानपणी ही पोर माझ्या डोंग्यात उताणी पडून घारी मोजायची. तेव्हाचा तो चेहरा.

"मंग?" कुंताच म्हणाली.

"मंग काय. कुंतानं गालावर वारा ओळखला. दोरी डावीकडे ओढली, विमान डावीकडे. उजवीकडे ओढली, उजवीकडे. जाळं फेकताना घेते तसाच वारा बरोबर पाठीवर घेतला, अन् विमान असं अलगद..."

"आबाजी!"

रीता वळून उभी होती. डोळे लाल, पण नाकपुड्या फुललेल्या.

"वारा पाठीवर घेऊन कोन उतरवते विमान? तोंडावर घ्या लागते वारा! पाठीवर घेतला तं थांबतच नाई थे, सरळ पाळ फोडून धानात जाते. आजीचं नाव खराब करून राह्यले तुमी! खोटं आहे, सप्पा खोटं! मंगळवारी मले हेच विचारतील पहिल्यांदा, अन् माझ्याच घरी कोनाले ठाऊक नाई. बॅग कुठी आहे माझी?"