भिलाईला निघालो, चाकणला पोचलो

माझा निरोप समारंभ झाला तेव्हा माझं जायचं नक्की झालेलं नव्हतं.

पौषात बायको गेली आणि फाल्गुनात पिंपरीच्या कंपनीतली माझी फिटरची नोकरी संपली. वय झालं होतं. मुलगा मुरारी भिलाईला पोलादाच्या कारखान्यात. आईच्या दहाव्याला आला तेव्हाच म्हणाला होता, "दादा, आता चिंचवडात तुमचं कोण हाय? घर बंद करा आणि माझ्याकडं या." मी म्हणालो, "बघू." कस्तुरा असती तर तिनं एका वाक्यात निकाल लावला असता. आमच्या घरातले सगळे निकाल तीच लावायची. मला 'बघू' एवढंच म्हणायची सवय.

हे 'बघू' मी साहेबरावच्या कानावर घातलं, तिथं चूक झाली. साहेबराव आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचा अध्यक्ष. त्याला भजनापेक्षा समारंभ आवडतात. कोणाला नातू झाला, कोणाची म्हैस व्याली, की हा नारळ घेऊन दारात उभा. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की गेनबा महाराष्ट्र सोडून चालला.

मग माझ्या ओट्यावर रोज माणसं जमायला लागली. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात. तो कोणी पाहिला नव्हता, पण माहिती सगळ्यांना होती. तिथं बाजरी मिळत नाही, तिन्ही त्रिकाळ भात. भातानं माणूस सुजतो. ऊन असं की सावलीतल्या हंड्याचासुद्धा चटका बसतो. आजारी पडलो तर पोटात कळ येते हे डॉक्टरला हिंदीत कसं सांगायचं, यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी "पेट में कळ आती है" असं ठरलं आणि ते माझ्याकडून पाठ करून घेतलं. एवढं सगळं सांगून झालं की प्रत्येक जण उठताना म्हणायचा, "पन जा तू. पोराजवळ असलेलं बरं."

शेजारची तानुबाई तेवढी काही बोलली नाही. तिचं आणि कस्तुराचं जन्माचं भांडण. मोरीच्या पाण्यावरून सुरू झालं होतं, पुढं कशावरूनही चालायचं. कस्तुरा गेली त्या दिवशी तानुबाई दारात बसून रडली आणि रडता रडता म्हणाली, "माजी पाटी तशीच ठिवून गेली बया, परत केली न्हाई."

समारंभ मारुतीच्या देवळात झाला. मला शाल घातली, नारळ दिला. साहेबरावनं भाषण केलं. "गेनबा आज आपल्यातून निघून चालला आहे. त्याची जागा भरून निघणार नाही. त्याच्या हातून कळत नकळत कोणाचं काही वाईट झालं असेल तर ते आपण विसरून जाऊ." दोघी-तिघी डोळ्याला पदर लावून बसल्या. मागं बसलेली एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, "कशानं गेला?"

त्यानंतर न जाणं शक्य नव्हतं. शाल घेतलेली होती.

निघायच्या दिवशी गल्ली चिंचवड स्टेशनवर आली. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर घरच्या बाईनं दही घालायचं असतं. घरची बाई नाही म्हणून सगळ्या बायकांनी आपापलं दही आणलं होतं. कोणाला नाही म्हणणार. कोपरापर्यंत हात माखला. तानुबाईनं दही आणलं नव्हतं. तिनं फक्त घराची किल्ली मागून घेतली. म्हणाली, "तुळशीला पानी घालीन. तुमच्यासाठी न्हाई, तिची हाय म्हून."

लोकलनं पुण्याला आलो. तिथून नागपूरची गाडी, पुढं भिलाई. साध्या डब्यात खिडकीची जागा मिळाली. ट्रंक आणि वळकटी बाकाखाली सारली आणि गाठोडं शेजारच्या जागेवर ठेवलं. मुद्दाम नाही ठेवलं. जन्मभर तसंच करत आलो. मी जागा धरायची आणि कस्तुरानं पाणी भरून आणायचं. एकदा जेजुरीला जाताना मी पाण्याला उतरलो होतो आणि गाडी तिला घेऊन निघून गेली होती. तेव्हापासून पाण्याला तीच उतरायची.

एक जाडसे गृहस्थ आले. गाठोड्याकडं बघून म्हणाले, "बाबा, इथं कोणी आहे का?"

"हाय," मी म्हणालो. "पाणी आणायला गेलीय."

तोंडातून निघून गेलं. लगेच दुरुस्त करायला पाहिजे होतं, पण काय सांगायचं? पाणी आणायला गेली म्हणालो ती पौषात वारली, असं? मी खिडकीबाहेर बघत बसलो. ते गृहस्थ सज्जन निघाले. जागा न मागता उभे राहिले.

थोड्या वेळानं म्हणाले, "यायला पाहिजे होत्या आतापर्यंत."

"नळावर गर्दी असंल."

समोरची एक बाई पोराला पाजत होती. ती म्हणाली, "लुगडं कसलं हाय त्यांचं?"

"हिरवं," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. हिरवं लुगडंच तिला आवडायचं.

शिट्टी झाली. डब्यात गडबड उडाली. दोघं-तिघं दारात जाऊन ओरडायला लागले, "ओ हिरवं लुगडं, लवकर या." फलाटावर एक हिरव्या लुगड्याची बाई होती, तिनं वळून त्यांना शिव्या दिल्या. गाडी हलली. तो जाडा माणूस म्हणाला, "बाबा, उतरा. बाईमाणूस एकटं मागं राहील." मी म्हणालो, "राहू द्या." त्यावर सगळा डबा माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी बायको टाकून पळून चाललोय. मग मला कोणी विचारलं नाही. दोघांनी दंडाला धरून खाली उतरवलं. मागून ट्रंक आली, वळकटी आली, गाठोडं आलं, शेवटी एक चप्पल आली. तो सज्जन माझ्या खिडकीत बसला होता. हात हलवून म्हणाला, "सापडतील बाबा, काळजी करू नका."

गाडी गेली. मी ट्रंकेवर बसलो. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

बरं वाटून झाल्यावर शाल आठवली. घरी जायचं तर दुपारीच परत गल्लीत शिरायचं, सगळ्यांचं दही हाताला तसंच. ते माझ्यानं झालं नसतं. स्टेशनवरून मुरारीला तार केली की गाडी चुकली, खुशाल आहे, काळजी करू नये. आणि एसटी धरून चाकणला गेलो.

चाकणला इनायतचं गॅरेज आहे. आम्ही कंपनीत एका पाळीला होतो. पुढं त्यानं नोकरी सोडली आणि नाशिक रस्त्याला शेड टाकून टेम्पो आणि शेतीची इंजिनं दुरुस्त करायला लागला. मी ट्रंक घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा त्यानं हातातला पाना खाली ठेवला आणि माझी सगळी हकिकत ऐकून घेतली.

"म्हंजे लोकांच्या हिशेबानं तू भिलाईला हायेस," तो म्हणाला.

"व्हय."

"हवा कशी हाय तिथली?"

त्याची बायको हसीना आतून म्हणाली, "भाऊजी, हात धुवा. भिलाईत आज वांग्याचं कालवण हाय."

शेडमागच्या खोलीत माझी सोय झाली. फुकट बसणं मला जमत नाही, म्हणून इनायतचा एक जुना डगला चढवून कामाला लागलो. रोज सकाळी चहा पिताना इनायत विचारायचा, "उद्या स्टेशनावर सोडू का?" मी म्हणायचो, "बघू." तो पाना उचलून कामाला लागायचा. एकदा मात्र म्हणाला, "गेनबा, दोन गावं असतात माणसाला, एक सोडायचं आणि एक गाठायचं. तू मधीच बिऱ्हाड केलंस राव."

शनिवारी चाकणचा बाजार. मी एका टेम्पोखाली उताणा पडून गिअरबॉक्सचे नट आवळत होतो. बाहेर ओळखीचा आवाज आला.

"इनायतभाऊ हायेत का?"

तानुबाई. साठवणीचे कांदे घ्यायला आली असणार. मी पान्यासकट गप्प झालो. माझे पाय टेम्पोच्या बाहेर होते. आत ओढून घेतले असते तर हालचाल दिसली असती, म्हणून तसेच राहू दिले.

"बसा वहिनी," इनायत म्हणाला. त्याचा आवाज जरा जास्तच गोड झाला होता. "चहा घ्या."

"घेते. आमच्या भावजींचं काय पत्र आलं का तुमाला? पोचल्याचं काय कळलं न्हाई आजून."

"पत्र… न्हाई. पन असतील मजेत."

"असतील की. मजेतच असनार." बशीचा आवाज झाला. "गल्लीत तर लई नाव काढत्यात त्यांचं. साहेबराव म्हनतो, असा मानूस पुन्हा व्हनार न्हाई. हितं असताना एक दिवस म्हनला न्हाई. त्यांच्या ओट्यावर मंडळाची पेटी न् तबला ठिवायचं चाललंय. मी म्हनलं, किल्ली माज्याकडं हाय. ठिवून दाखवा."

"बरं केलंत."

"बरं कसलं. भांडान झालं. आन भांडताना मला काय आटवलं सांगू का. ही असती तर माज्या बाजूनं भांडली असती का त्यांच्या, ते मला कळंना. कुनाला इचारावं? गल्लीत तिच्याशी जल्मभर भांडलेली मान्सं दोनच. एक मी, न् एक भावजी. ते गेले तिकडं. त्या भिलाईत कस्तुरा कुनाला ठावं हाय? तिथं कुनाशी बोलत्याल ते तिचं?"

माझ्या तोंडावर तेलाचा थेंब पडला. मी पुसला नाही.

तानुबाई उठली. "जाते. एसटी हाय. कांद्याचं पोतं बाहेर ठिवलंय. तेवढं त्या टेम्पोखालच्या बाबाला सांगा उचलाया. त्याला बी चिंचवडलाच यायचंय."

इनायत म्हणाला, "तो… तो नवीन मानूस हाय. नगरचा."

"नगरचा असू दे. त्याच्या डाव्या पायाचा अंगठा वाकडा हाय. हा अंगठा दिसला की कस्तुरा म्हनायची, लग्नात पाय झाकून फसवलं मला. धा येळा ऐकलंय मी भिंतीपलीकडनं."

मी बाहेर आलो. हसीना दारात तोंडावर पदर धरून उभी होती. तानुबाईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"दादल्याच्या जातीला पानी आनाया पाठवाया नको," ती म्हणाली. तेव्हा मला कळलं की इनायतनं तिला आधीच निरोप धाडून माझी सगळी हकिकत कळवली होती.

पोतं खांद्यावर घेऊन मी चिंचवडच्या गल्लीत शिरलो. पोतं बरं असतं, तोंड अर्धं झाकतं. पण साहेबराव देवळाच्या पायरीवरच बसला होता. तो उभा राहिला. पुन्हा बसला.

"गेनबा? तू भिलाईला…"

"न्हाई गेलो."

"अरे पन आमी तुला… नारळ?"

"खाल्ला." खोबरं हसीनानं चटणीत घातलं होतं. "शाल हाय. परत देतो."

साहेबरावनं विचार केला. तानुबाई माझ्या मागं उभी होती, त्यामुळं विचार लवकर झाला.

"शाल ठेव. पुढच्या वेळंला लागंल. पन भाषान झालं तुजं, गेनबा. मी पुन्हा करनार न्हाई. तू वर जरी गेलास तरी ह्येच धरून चालायचं."

"चालंल," मी म्हणालो. "चांगलं झालं होतं."

त्यावर तो खूष झाला. समारंभात मागं बसलेली ती म्हातारी मात्र मला देवळात बघितलं की अजून नमस्कार घालते.

घरात गेलो. तुळस हिरवी होती. मोरीच्या कोनाड्यात तानुबाईची पाटी सापडली, ती नेऊन दिली. ती म्हणाली, "ही माजी न्हाईच," आणि ठेवून घेतली. मुरारीला सगळं खरं लिहिलं. त्याचं उत्तर रागानं भरलेलं आलं. तार मिळाली तरी तो पुढच्या दोन्ही गाड्यांना डबे बघत स्टेशनवर फिरला होता. ते वाचून मला वाईट वाटलं. मी लिहिलं, दिवाळीनंतर महिनाभर येतो आणि परत जातो. या वेळी 'बघू' लिहिलं नाही.

तसा गेलो. कोणी निरोप दिला नाही. तानुबाईनं दारात हातावर चमचाभर दही ठेवलं आणि सांगितलं, "येताना तिकडचा तांदूळ आना. लई चांगला असतो म्हनत्यात."

पुण्याला नागपूरच्या गाडीत खिडकीशी बसलो. एक जण आला आणि विचारलं, "बाबा, इथं कोणी आहे का?"

मी गाठोडं उचलून मांडीवर घेतलं. तो बसला, आणि नागपूरपर्यंत माझ्या खांद्यावर मान टाकून घोरत आला.